ड्रेसाज शिकतेय पण घोडी टाच लावली की नाचायलाच लागते, काय करू?

अर्धी_रिकीब:
नमस्कार मंडळी, मी छत्रपती संभाजीनगरची, वय ३४, बँकेत नोकरी. दीड वर्षापासून दर रविवारी गावाबाहेरच्या एका क्लबात रायडिंग शिकते, त्यातही ड्रेसाज, म्हणजे बारीक इशाऱ्यांवर घोड्याकडून ठरावीक चाली आणि आकृत्या करून घेणं. आधी रेसमधून रिटायर झालेल्या एका म्हाताऱ्या घोड्यावर शिकले, तो इतका शांत की मी फोनवर बोलले असते तरी त्यानं आपलं वर्तुळ पूर्ण केलं असतं. मग हौस आली आणि मागच्याच्या मागच्या माळेगाव यात्रेतून मारवाडी घोडी घेतली. कुमैत म्हणजे तांबूस-तपकिरी रंगाची आहे, ७ वर्षांची, दिसायला एकदम राणी. विकणारा म्हणाला, ताई लेकरू बी बसंल. लेकरू बसेल हो, उतरेल कसं ते नाही सांगितलं त्यानं.

आता प्रॉब्लेम असा की जरा पाय लागला की सुसाट सुटते, लगाम धरला की मान वर टाकते, आणि दोन्ही केलं की जागच्या जागी पाय आपटत नाचायला लागते. अरीनात, म्हणजे अक्षरांच्या खुणा लावलेल्या सरावाच्या मैदानात, सी अक्षराकडच्या एका कोपऱ्यात पत्र्याचं शेड आहे तिथं तर हमखास बुजते. २० मीटरचं वर्तुळ काढायचं असतं, आमचं बटाट्यासारखं होतं. सर म्हणतात लगाम आखूड धर, टाच जोरात मार, तिला कळू दे मालक कोण ते. तसं केलं की अजून बिघडते, घरी येते तेव्हा मनगटं इतकी दुखतात की पोळ्या लाटवत नाहीत. तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना चावायला पण येते. सगळे म्हणतात विकून टाक. खरंच माझ्या आवाक्याबाहेरची आहे का ही?

फटकळ_फाट्यावर:
विका. शिकणाऱ्याला शिकलेला घोडा पाहिजे. दोघंही नवीन असले की एक दिवस हाड मोडतं, आणि ते घोडीचं नसतं.

खूर_आणि_खरारा:
विकायच्या आधी तपासणी तरी करा की ताई. मी पशुवैद्यकीयच्या शेवटच्या वर्षाला आहे. तंग आवळताना चावते म्हणता, ही खोड नसून दुखणं असू शकतं. घोड्याच्या पोटात अॅसिड चोवीस तास सुटत असतं, पुढं चारा नसला की अल्सर व्हायला वेळ लागत नाही. रायडिंगच्या आधी उपाशी ठेवता का? बरेच जण ठेवतात. उलट थोडा कडबा नाहीतर हिरवा चारा खाऊ घालून मग काढा. खुराकात हरभरा न् गूळ किती चाललाय ते पण बघा, काम आठवड्यातून एक दिवस आणि खुराक पैलवानाचा असला तर जनावर उड्याच मारणार.

दुसरं दात. घोड्याचे दात आयुष्यभर वर सरकत राहतात, वरच्या दाढांना बाहेरून आणि खालच्यांना आतून धार येते, गाल न् जीभ सोलून निघते. दाढांच्या पुढं छोटा लांडगा दात असला तर लगामाची सळई नेमकी त्यालाच लागते. मान वर टाकते ती त्यामुळं पण असेल. कानशीनं घासून घ्यावे लागतात, परभणी किंवा उदगीरच्या व्हेटर्नरी कॉलेजात दाखवा. आणि खोगीर कुणाचं वापरता? त्या रेसच्या घोड्याचंच असेल तर हिच्या पाठीला बसतंय का ते हात घालून बघा.

म्हातारा_मोतद्दार:
पोरी, मी लोहा तालुक्यातला, माळेगावच्या बाजारात चाळीस वर्सं घोडी बघितली. तुझी घोडी बिघडलेली न्हाई, ती तुझं ऐकायलीय. ती वरातीची घोडी हाय, लिहून घे. नाच शिकवताना काय करत्यात माहितीय का, पुढून लगाम आवळून धरायचा, मागून काठी नाहीतर टाच लावायची, शेजारी हलगी चालू. पुढं जाता येईना, थांबता येईना, मग पाय उचलती. उचलले की गुळाचा खडा. आता तू लगाम आखूड धरून टाच मारायलीस म्हंजे तू तिला रोज नाच म्हनून सांगायलीस की! ती बिचारी नाचती आन् वरून तूच मारती. कामून नाही बावरणार ती?

कोपऱ्यातल्या पत्र्याचं पन तेच बग, वाऱ्यानं वाजत आसंल, तिला वाटतं हलगी आली.

रेवाल_नको_दुडकी:
काकांनी नेमकं पकडलं 🙏 मी काही वर्षं पुण्यात ड्रेसाज शिकलोय, माझ्याकडेही असलीच हळवी घोडी होती म्हणून लिहितो, लांबेल.

आधी हात आणि पाय वेगळे करा. पाय लावताना हात पुढे सोडा, हात धरताना पाय गप्प. दोन्ही एकदम महिनाभर नाही म्हणजे नाही. अंगावर माशी बसली तरी तेवढीच कातडी थरथरवतं ते जनावर, त्याला टाच मारायची गरजच काय, पोटरी नुसती टेकवा आणि ती निघाली की लगेच पाय सैल, तिला तोच जबाब कळतो. उलटंही सांगतो, हळवी आहे म्हणून पाय लांब धरून बसू नका, मग चुकून लागला की ती उडतेच, पोटरी ओल्या फडक्यासारखी कायम अंगाला असू द्या.

थांबवायचं तर हातानं नाही, बैठकीनं. मांड जड करा, कंबर क्षणभर थांबवा, श्वास मोठ्यानं सोडा, मग बोटं मिटा, ती हळू झाली की उघडा. ड्रेसाजमध्ये हाफ हॉल्ट (अर्धा थांबा) म्हणतात तो याच्याहून फार वेगळा नाही. श्वासाला हसू नका, आपण श्वास धरला की घोडी म्हणते हिला काहीतरी दिसलं, पळा.

वर्तुळ साध्या चालीनंच करा, चार ठिकाणी प्लास्टिकच्या बरण्या ठेवा आणि एका वेळी फक्त पुढच्या बरणीचा विचार करा, बटाटा आपोआप गोल होतो. सी कोपऱ्याकडे टक लावून बघू नका. नाक थोडं आत वळवून, तिला काम देत बाजूनं जा, पहिल्या दिवशी दहा मीटर लांबून गेलात तरी चालेल.

दुडकीत (ट्रॉटमध्ये) तिरपे पाय जोडीनं पडतात का ते कुणाला तरी बघायला सांगा. मारवाडी घाबरली की रेवाल चालीत, म्हणजे एकाच बाजूचे पाय जोडीनं टाकत, सरकते, बसायला मऊ म्हणून आपल्याला वाटतं छान चाललंय, परीक्षक मात्र मार्क कापतो.

फटकळ_फाट्यावर:
हे सगळं ठीक. पण २०२३ ला हांगझोऊला आपल्या टीमनं ड्रेसाजचं गोल्ड आणलं ती सगळी युरोपातली घोडी होती, माळेगावची नव्हे.

रेवाल_नको_दुडकी:
ताईंना एशियन गेम्सला जायचंय कुठं, पोळ्या लाटायच्यात 😄

अर्धी_रिकीब:
पाच आठवड्यांनी लिहितेय, सॉरी. लांडगा दात सापडला, तोसुद्धा एकाच बाजूला, म्हणून उजवीकडे जास्त झटके देत होती. खोगीर खरंच त्या म्हाताऱ्याचं होतं, बदललं. उपाशी काढणं बंद. काकांचं वाचून मला रडू आलं होतं, खरं सांगते. सरांना दाखवलं तर म्हणाले इंटरनेटवर शिकायचं तर इथं कशाला येता, सध्या बुधवारी मी एकटीच चालीवर काम करते, मैत्रीण फाटकाशी उभी असते. चाल आणि दुडकीचं वर्तुळ जमतंय, बरण्या काढल्या तरी. कोपरा अजून सात-आठ मीटर लांबूनच.

परवा मात्र रस्त्यानं हळदीची मिरवणूक गेली, हलगीसकट. मी हात पाय दोन्ही सोडून दिले तरी बाई नाचल्याच. दोन मिनिटं.

म्हातारा_मोतद्दार:
गूळ दिला का न्हाई मग?