लेंटमध्ये चहा सोडलाय, पण गावात घरोघरी गेल्यावर काय करायचं?

शाळेतली ताई, जालना

सगळ्यांना सलाम.

माझी शाळा जिल्हा परिषदेची, अंबड तालुक्यात. राहते जालन्यात. यंदा, २०२५ ला, ५ मार्चला राखेचा बुधवार झाला. तिथून ईस्टरपर्यंत आम्हा ख्रिस्ती लोकांचा लेंट, म्हणजे उपवासाचा काळ. तेव्हापासून मी चहा सोडलाय, तो थेट २० एप्रिलला, ईस्टरच्या सकाळी घेणार. मटण सोडणं मला जड जात नाही, आमच्याकडं ते तसंही रविवारीच शिजतं. चहा मात्र जिवाभावाचा. सकाळी डब्याच्या पोळ्या लाटताना एक, मधल्या सुट्टीत एक, आणि संध्याकाळी घरी आल्यावर आलं ठेचून मोठा कप. म्हणून मुद्दाम चहाच निवडला.

आणि खरं सांगते, मजा येतेय. तल्लफ आली की त्या घटकेला ज्या लेकराचं नाव मनात येईल त्याच्यासाठी एक ओळीची प्रार्थना करायची, असं ठरवलंय. माझ्या वर्गात ऊसतोडीला गेलेल्यांची लेकरं आहेत. आईबाप दिवाळीनंतर कारखान्याकडं जातात, लेकरं आजीजवळ राहतात. एरवी हजेरी घेतानाच त्यांची नावं तोंडात यायची. आता दुपारी तीनला, शिपाईमामांनी स्टाफरूममध्ये चहा उकळायला ठेवला की ती एकेक करून माझ्यापुढं येऊन उभी राहतात. इतक्या नेमानं मी आजवर कोणासाठी प्रार्थना केली नव्हती.

अडचण गावात आहे. लेकरू दोन दिवस दिसलं नाही की मी घरी जाते. मार्च लागला की गावात टँकर सुरू होतो. अशा दिवसांत माउली हंड्यातलं पाणी काढते, शेजारून वाटीभर दूध आणते आणि चहा टाकते. मी म्हणते, "काकू, नको, माझा उपास आहे." त्यावर एका काकूंनी मला गप्पच केलं. "उपास हाय म्हून काय झालं मॅडम? उपासाला च्या चालतो की! आमच्या एकादशीला चालतो, सोमवारी चालतो, तुमच्याच देवाला का चालंना?"

त्यांना मी प्रभू येशूनं अरण्यात उपास करून काढलेले चाळीस दिवस सांगितले. त्यांनी सगळं नीट ऐकलं, आणि पुढच्या शुक्रवारी शाळेत डबा आला. भगर आणि शेंगदाण्याची आमटी. "मॅडमच्या उपासाचं." मी बोटं चाटून खाल्लं.

माझे दोन प्रश्न आहेत. देवाला दिलेला शब्द पाळू की त्या माउलीचं मन राखू? आणि दुसरं, उपास करताना तोंड धुवा, लोकांना दिसू देऊ नका, असं प्रभूनं बायबलात, मत्तय ६ मध्ये सांगितलंय. इथं तर नको म्हटलं की कारण सांगावं लागतं, आणि अख्ख्या गल्लीला कळतं की मॅडमचा उपास आहे. त्यात आमच्या चर्चच्या मंडळीच्या लेंटमधल्या प्रार्थनासभा रोज एका घरी असतात, आणि प्रत्येक घरी आमेन झालं की चहा-फरसाण. ३० मार्चला पाडवा आहे. त्या दिवशी पहिलीची नावं टिपायला आम्ही सगळे शिक्षक दारोदार जाणार. तुम्ही काय करता?

---

छावणीकर

ताई, मी कॅथोलिक, छत्रपती संभाजीनगरचा. आधी नियम सांगतो, म्हणजे मनावरचं ओझं उतरेल. आमच्यात बंधनकारक उपवास दोनच दिवस, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे, तोही १८ ते ५९ वयाच्या लोकांना. शुक्रवारचं मांसवर्ज्य १४ वर्षांपासून पुढं. बाकी चहा, गोड, मोबाइल वगैरे ज्यानं त्यानं आपल्या खुशीनं सोडायचं. मोडलं तर पाप लागत नाही.

अजून एक. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजलं तर ४६ दिवस भरतात. त्यातले सहा रविवार वगळले की चाळीस. रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपवास धरत नाहीत. आणि यंदाचा पाडवा रविवारीच आहे! दारोदार जा आणि मनसोक्त चहा प्या.

माझी आई चहा सोडते, पण कोणाच्या घरी गेली की बशीत दोन घोट घेते. कप परत करते, मन परत करत नाही.

---

परभणीची वहिनी

नमस्कार. मी ख्रिस्ती नाही, लेंट हे नावही इथंच वाचलं. पण २०२० ला उस्मानाबादच्या साहित्य संमेलनात फादर दिब्रिटो अध्यक्ष होते, तेव्हापासून तुमच्या लोकांचं लिहिलेलं मी आवर्जून वाचते.

तुमचं मन कुठं अडकलंय ते कळतं, कारण मी त्या काकूंच्या बाजूची आहे. माझ्या घरी आलेलं माणूस काही न घेता उठलं तर मला दिवसभर चैन पडत नाही. एकदा दूध ओतलं की मग तुम्ही कितीही नको म्हणा, तो नकारच वाटतो. म्हणून सगळी गंमत वेळेची आहे. उंबऱ्यात पाय ठेवल्या ठेवल्या, भांडं गॅसवर चढायच्या आत, तुम्हीच म्हणा, "काकू, उन्हातून आलेय, गूळपाणी द्या बरं." आपल्याकडं पाहुण्याला पहिल्यांदा गूळपाणीच द्यायचे, चहा नंतर आला. मागून घेतलेल्या गुळाच्या खड्यानं घरच्या बाईला जो आनंद होतो तो दहा कप चहानं होत नाही. दुपारी गेलात तर ताक मागा.

लोकांना कळण्याचं एवढं मनावर घेऊ नका. माझी शेजारीण रोजे धरते. पहिल्या वर्षी मी चहाचा आग्रह केला, तिनं कारण सांगितलं, विषय संपला. आता रमजानात मी दिवसा तिला नुसती हाक मारून येते आणि संध्याकाळी टरबुजाच्या फोडी पाठवते. तिनं सांगितलंच नसतं तर मला काय कळलं असतं?

---

बेथेलचे काका

लेकी, सलाम.

माझं मत सरळ आहे. त्या घरी चहा पी. पूर्ण कप पी.

आमचं मूळ जालन्याजवळच्या बेथेलचं. १८४३ साली ब्राह्मण घरातून ख्रिस्ती झालेले रेव्हरंड नारायण शेषाद्री पुढं जालन्याला आले, निजाम सरकारकडून जमीन मिळवली आणि बेथेल वसवलं. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानायचे अशा मांग घराण्यांतली माणसं तिथं त्यांच्या पंगतीला बसली. त्यांतलंच एक घर आमचं.

पण बेथेलच्या शिवाराबाहेर जग होतं तसंच होतं. माझे आजोबा बाजाराच्या गावी हॉटेलात गेले की त्यांचा कप वेगळा असायचा. बाहेर, छपराच्या वळचणीला अडकवलेला, कान तुटलेला. तो स्वतः काढायचा, विसळायचा, लांब धरायचा, वरून चहा ओतला जायचा. पिऊन झाला की परत विसळून तिथंच अडकवायचा. पैसे मात्र सगळ्यांएवढेच. हे मी त्यांच्या तोंडून ऐकलंय, त्यांच्या मांडीवर बसून.

आता तू त्या गावात जातेस. तुझं आडनाव, तुझं घराणं त्या माउलीला ठाऊक असणारच, गावात ते विचारल्याशिवाय राहत नाहीत. आणि ती तुला घरात खाटेवर बसवते, आपल्या घरच्या कपात चहा देते, लेकराच्या हातानं बिस्किटं आणवते. हे फार मोठं आहे ग. माझ्या आजोबांना हे बघायला मिळालं असतं तर त्यांनी तो चहा प्रभुभोजनासारखा दोन्ही हातांनी घेतला असता.

योहान ४ काढून वाच. प्रभू सुखारच्या विहिरीवर थकून बसलाय आणि शोमरोनी बाईकडं पाणी मागतोय. यहुदी लोक शोमरोन्यांशी भांडंही लावून घेत नव्हते, ती बाईच दचकली. प्रभूनं तिच्याच भांड्यातलं मागितलं. आणि लूक १० मध्ये शिष्यांना गावोगाव पाठवताना काय सांगितलं? जे पुढं वाढतील ते खा. आपण शिष्य, आपल्याला एवढी आज्ञा पुरे.

---

पाळकबाई, उदगीर

ताई, माझे यजमान निवृत्त पाळक. चाळीसेक वर्षं वेगवेगळ्या मंडळ्यांत काढली, त्यामुळं लेंटच्या प्रार्थनासभांचा चहा मी किती उकळलाय त्याला गणती नाही.

काकांचं वाचून डोळे भरले. पण पूर्ण कप प्या हे मला पटत नाही. ताईंचा उपास पोरखेळ नाही, तल्लफेच्या जागी त्यांनी लेकरांची नावं ठेवलीत. रोज दोन-तीन घरी गेल्या आणि सगळीकडं पूर्ण कप घेतला तर ती नावं कुठं जाणार? माझं म्हणणं असं की आपल्या चुलीवर आणि शाळेत नेम कडक पाळायचा. दुसऱ्याच्या घरी आधी वहिनींचं गूळपाणी. आणि चहा समोर आलाच तर छावणीकरांच्या आईसारखे दोन घोट, त्या घराला आशीर्वाद मागून. देवापुढं हे आजच बोलून ठेवा, म्हणजे रोज नव्यानं जीव टांगणीला लागणार नाही.

मंडळीच्या सभांचं मात्र मी स्पष्ट सांगते. तिथं चहा बंदच करा. गावातल्या माउलीचा पाहुणचार वेगळा, आणि आपण आपल्यातच एकमेकांना रोज चहा-फरसाण खिलवतो ते वेगळं. त्यात चढाओढ असते. एका घरी फरसाण, तर दुसऱ्या घरी ढोकळा, तिसऱ्या घरी समोसे. ज्याच्या घरी ऐपत नाही तो सभा ठेवायलाच लाजतो, आणि असं घर दर वर्षी मागं राहिलेलं मी पाहिलंय. यशया ५८ मध्ये देव विचारतो, मला आवडणारा उपास कोणता? भुकेल्याला आपली भाकर वाटून देणं. मग चहाचे ते पैसे एकत्र करा आणि ताईंच्या वर्गातल्या त्या लेकरांसाठी वापरा. वह्या, चपला, जे लागेल ते.

---

शाळेतली ताई, जालना

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचं लिहिलेलं रात्री घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. माझे सासरे बराच वेळ बोलले नाहीत, मग त्यांनी त्यांच्या वडिलांच्या कपाची गोष्ट सांगितली. आमच्या घरात ती आजवर कोणी सांगितली नव्हती. इथं लिहू का, ते त्यांना विचारून सांगते.

वहिनी, काल भगरवाल्या काकूंकडं गेले आणि दारातूनच गूळपाणी मागितलं. काकू इतक्या हसल्या! "आमच्या आजीवानी बोलायल्यात मॅडम." घरात काळा गूळ होता, चांगला चिकट. वर तांब्याभर पाणी. मग त्या आपला चहा घेऊन माझ्याजवळ बसल्या आणि विचारलं, "तल्लफ आल्यावर तुम्ही कोणाचं नाव घेता म्हणे?" त्यांच्या नातवाचं घेते हे मी सांगितलं. त्यांनी लगेच सुनेला फोन लावला, साखर कारखान्यावर, आणि तिलाही सांगितलं. तिकडून पोरगी म्हणाली, "माझ्या हातावर कोयत्याची जखम झालीया, माझं बी नाव घ्या." घेतेय.

छावणीकर, पाडव्याला रविवार आहे हे माझ्या लक्षातच नव्हतं. पहिला कप कोणाच्या दारात प्यायचा ते ठरलंय.

पाळकबाई, सभेत चहा बंद करायचं बुधवारी मांडते. दोन-तीन जणी नाराज होतील, पण ज्या घरी अजून सभा झाली नाही तिथून आपण सुरू करू असं म्हणणार आहे. पैसे कसे जमवायचे? पाकिटं वाटू का?

---

पाळकबाई, उदगीर

पाकिटं नकोत, त्यावर लोक नावं घालतात. चहापुडीचा एक रिकामा डबा धुऊन घ्या, झाकणाला चीर पाडा, आणि सभा ज्या घरी असेल तिथं दाराजवळ ठेवा. कोणी किती टाकले ते कोणालाच कळू नये, मोजणी शेवटी एकदाच. आणि ईस्टरपर्यंत थांबू नका. पाडव्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या परत यायला लागतील. आईबाप घरी येतील तेव्हा लेकरांच्या पायात नवीन चपला असल्या पाहिजेत. मापं शाळेतच घ्या, कागदावर पाय ठेवून पेन्सिलनं आखून.