माती ओली असूनही पीस लिली माना टाकते आहे : पाणी कमी पडते की जास्त?

नमस्कार. पुण्यातील आमच्या घरी, बैठकीच्या खोलीत, पूर्वेकडील खिडकीपासून साधारण ३ फुटांवर पीस लिलीची कुंडी आहे. फेब्रुवारीत रोपवाटिकेतून आणल्यावर मी ते रोप ८ इंचांच्या प्लास्टिकच्या कुंडीत लावले आणि ती कुंडी शोभेसाठी तळाला छिद्र नसलेल्या चिनी मातीच्या भांड्यात ठेवली. उन्हाळाभर झाड उत्तम होते, दोन फुलेही आली. जुलैच्या पहिल्या आठवड्यापासून मात्र पाने देठापासून लोळू लागली. पीस लिली तहानली की अशीच माना टाकते आणि पाणी घातल्यावर काही तासांत पुन्हा उभी राहते, हे उन्हाळ्यात अनेकदा पाहिले असल्यामुळे तीन दिवसांआड घालत असलेले पाणी मी रोज घालू लागले. या वेळी ती उभी राहिली नाही. खालची चार-पाच पाने पिवळी पडली, उरलेल्यांची टोके तपकिरी होऊन कुरकुरीत झाली, आणि आता कुंडीला धक्का लागला की मातीतून बारीक काळी चिलटे उडतात. झाड अशक्त झाले असावे असे समजून १९:१९:१९ हे खत चमचाभर घेऊन पाण्यात विरघळवून दिले, तर दोन दिवसांत आणखी तीन पाने गेली.

मातीत बोट घातले तर ती ओली लागते, पाने मात्र तहानलेली दिसतात. कुंडी गच्चीत उन्हात हलवावी, की बुरशीनाशक घालावे?

प्रतिसाद

ताई, तूर्त दोन्ही करू नये. आपले झाड तहानलेलेच आहे, पण कुंडीत पाणी नाही म्हणून नव्हे, तर ते ओढून घेणारी मुळे कुजली आहेत म्हणून, असे वर्णनावरून वाटते. मातीतील पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळांना हवा मिळत नाही आणि पिथियमसारख्या रोगकारकांचे फावते. पावसाळ्यात ऊन कमी आणि हवा दमट, त्यामुळे झाड पाणी कमी पिते. नेमके तेव्हाच ते वाढवले गेले, त्यात खताच्या क्षारांचा मार बसला.

आधी शोभेचे भांडे तपासावे, त्यात पाणी साचले असण्याची दाट शक्यता आहे. मग झाड कुंडीबाहेर काढावे. रोपवाटिकेतील रोपांच्या मुळांभोवती बहुधा चिकट लाल मातीचा गोळा असतो आणि आपण तो न फोडता तसाच नव्या मिश्रणात बसवतो. एकदा भिजला की तो आतून लवकर सुकत नाही. कोमट पाण्याच्या बादलीत अर्धा तास बुडवून तो हलक्या हाताने सोडवावा. चांगली मुळे पांढरट आणि कडक असतात. कुजलेले मूळ तपकिरी, बुळबुळीत असते आणि चिमटीत धरून ओढले की वरची साल हातात येऊन आतला दोरा तेवढा उरतो. असे प्रत्येक मूळ स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने कापावे. हातमोजे घालावेत, कारण नावात लिली असली तरी हे झाड अळूच्या कुळातले आहे आणि अळू चिरताना सुटते तशी खाज याच्या चिकानेही सुटू शकते. कापलेल्या जागी हळद लावा असे सर्रास सांगितले जाते; तिने झाड वाचल्याचे मी तरी पाहिलेले नाही.

नवी कुंडी उरलेल्या मुळांच्या पसाऱ्याहून इंचभरच मोठी आणि शक्यतो मातीची घ्यावी. दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग परलाइट (हलके, पांढरे खनिज दाणे) आणि एक भाग गांडूळखत पुरे. परलाइट नसल्यास जाड वाळू चालेल. नवे पान फुटेपर्यंत वेगळे खत नको. पाण्याचा वार ठरवू नये. जळून उरलेली अगरबत्तीची काडी दोन इंच खोल खुपसून काढावी आणि ती कोरडी निघाली तरच पाणी द्यावे. वरची माती सुकू लागली की चिलटेही कमी होतील, उरलेल्यांसाठी पिवळा चिकट सापळा लावावा. कुरकुरीत टोके मात्र बोअरच्या जड पाण्यामुळेही होतात. कुंडीच्या कडेला पांढरे पापुद्रे धरले आहेत का, ते पाहावे.

मूळ प्रश्नकर्ती

मनःपूर्वक आभार. आज सकाळी झाड बाहेर काढले. भांड्यात तीन बोटे पाणी होते आणि त्याला गटारासारखा वास येत होता. मधोमध पेरूएवढा लाल मातीचा गोळा निघाला. त्यातील सगळ्या मुळांची साल आपण लिहिल्याप्रमाणे हातात सुटून आली, आणि जी काही पांढरी मुळे शिल्लक होती, ती गोळ्याबाहेरच्या कोकोपीटमध्येच होती. सोडवताना झाडाचे तीन फुटवे वेगळे झाले. दोघांना मुळे आहेत, ते लावले. तिसऱ्याला एकही मूळ नाही, तीन पाने आहेत. तो ठेवावा का? पांढरे पापुद्रेही आहेत. इमारतीत टँकरचे पाणी येते.

प्रतिसाद

त्याचा बुंधा दाबून पाहावा. मऊ लागला तर टाकून द्यावा. कडक असेल तर मोठी दोन पाने कापून तो ओलसर परलाइटमध्ये लावावा आणि वरून पारदर्शक पिशवी सैलसर घालावी. मुळे फुटलीच तर काही आठवडे लागतील. लावलेल्या दोघांना टँकरऐवजी साठवलेले पावसाचे पाणी द्यावे, सध्या ते फुकट मिळते आहे.