मदत हवी आहे: खुब्याचा सांधा बदलल्यावर काठी कधी सोडावी?

आईचा खुब्याचा सांधा बदलून दीड महिना झालाय. काठी ऑपरेशनच्या विरुद्ध हातात धरते. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना काठी आणि ऑपरेशनचा पाय आधी, हे अंगवळणी पडलंय. पण काठी सोडली आणि त्या पायावर भार आला की कंबर दुसऱ्या बाजूला खाली झुकते, म्हणजे खुब्याच्या बाहेरच्या बाजूचा स्नायू अजून कच्चा आहे. ओट्याला धरून पाय बाजूला नेण्याचा व्यायाम 10-10 वेळा चालू आहे. थकली की पायाऐवजी धडच कलतं, मग पुढच्या खेपा फुकटच ना? कुशीवर झोपून पाय उचलणं कधी सुरू करावं? चालताना अंतर वाढवत न्यावं, की लंगडणं दिसताच थांबावं? ऑपरेशन खुब्याच्या मागच्या बाजूने छेद घेऊन झालंय, त्यामुळे सांधा निखळू नये म्हणून खुब्यात 90 अंशांपुढे वाकणं सध्या बंदच. जाणकारांनी कृपया सांगा.