यवन, नकाशा आणि पराणी

प्रश्न : आम्ही इंग्लंडला असतो. लेक चौथीत. सध्या तिला शाळेत प्राचीन ग्रीक आणि त्यांचे नकाशे शिकवतायत. रविवारी व्हिडिओ कॉलवर तिनं हे सांगितल्यावर आजोबा म्हणाले, "म्हणजे आपले यवन!" माझ्या डोक्यात यवन म्हणजे बखरीतले, दिल्ली-विजापूरचे. मग ग्रीक कसे? शिवाय लेकीचा प्रश्न वेगळाच : ॲटलास शब्द ग्रीक आहे असं बाई म्हणाल्या, मग 'नकाशा'पण ग्रीक का?

प्रतिसाद १ : आजोबांचं बरोबर आहे. आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावर आयोनिया नावाचा ग्रीक मुलूख होता. इराण्यांनी तिथल्या लोकांना 'यौन' म्हटलं आणि पुढे सगळ्याच ग्रीकांना तेच नाव लावलं. आपलं 'यवन' आणि युनानी औषधांतलं 'युनान' याच कुळातले. कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांवर धेनुकाकट या गावच्या यवन दात्यांचे लेख आहेत, ते दोन हजार वर्षांच्या आसपासचे. पुढे पश्चिमेकडून येणारा कुणीही परका यवन झाला आणि बखरींपर्यंत येता येता अर्थ 'मुसलमान' असा पक्का झाला. बाकी 'ग्रीक' हे नाव तरी त्यांचं कुठं आहे? ते रोमन लोकांनी दिलेलं. ते स्वतःला हेलेन म्हणवत.

प्रतिसाद २ : नकाशा अरबी, फारसीमार्गे आलेला. 'नक्श' म्हणजे कोरणं, चितारणं. नक्षी त्याचीच बहीण. ॲटलास हे नाव ग्रीक पुराणातलं खरं, पण नकाशांच्या पुस्तकाला ते चिकटलं मर्काटर या युरोपियन नकाशाकाराच्या १५९५च्या संग्रहामुळे. म्हणजे ग्रीकांनी नकाशाला ॲटलास कधीच म्हटलं नाही.

प्रश्नकर्ती : मग काय म्हणायचे?

प्रतिसाद २ : 'पिनाक्स'. म्हणजे फळी, पाट. हेरोडोटस या प्राचीन ग्रीक इतिहासकारानं एक मजेदार गोष्ट दिली आहे. इराणी बादशहाविरुद्ध मदत मागायला आयोनियातल्या मिलेटस शहराचा अरिस्टागोरस स्पार्टाच्या राजाकडे गेला, तो जगाचा नकाशा कोरलेला ब्राँझचा पिनाक्स घेऊनच. हा देश, त्याला लागून तो, इतकी चांदी, इतकी गुरं, असं बोट फिरवत त्यानं सगळं अगदी हाताशी असल्यासारखं दाखवलं. राजानं दोन दिवसांनी एवढंच विचारलं, समुद्रापासून बादशहाची राजधानी किती दिवसांवर? हा बोलून गेला, तीन महिने. सूर्य मावळायच्या आत चालता हो, असं उत्तर मिळालं! प्रमाणपट्टी नसलेल्या नकाशाचा असा घोळ. लेकीला हे जरूर सांगा.

प्रतिसाद ३ : इंग्रजी 'मॅप'च्या मुळाशी लॅटिन 'माप्पा', म्हणजे कापड. थोडक्यात आपला 'पट'. चित्रपट, ताम्रपट यांतला.

प्रतिसाद १ : चित्रपट ठीक. ताम्रपटात 'पट्ट' आहे, पत्रा या अर्थी. कापडाचा संबंध नाही. उलट अरिस्टागोरसच्या हातात होता तो ताम्रपटाचाच भाऊ.

प्रतिसाद ३ : मान्य. पण खरा ग्रीक शब्द तुम्ही सगळेच विसरलात : केंद्र! मूळ 'केन्त्रॉन', म्हणजे टोचायचं टोक, बैलाची पराणी. कंपासचं टोक कागदात रुततं तो बिंदू म्हणजे केन्त्रॉन. तो ज्योतिषाबरोबर संस्कृतात आला आणि आता जिल्हा परिषद शाळेच्या केंद्रप्रमुखापर्यंत पोचला. कंपासनं काढल्यासारखी गोल पृथ्वी आणि भोवती महासागर, असे नकाशे काढणाऱ्यांना हेरोडोटस हसायचा, त्यांच्याही वर्तुळाच्या मधोमध हीच पराणी रुतलेली.

प्रश्नकर्ती : पराणी लेकीला फार आवडली. एकूण आजोबांचा होरा खरा ठरला म्हणायचा!

प्रतिसाद १ : आणि 'होरा'ही ग्रीकच. इंग्रजीतला अवर त्यातूनच आला. 'अहोरात्र'मधलं पहिलं आणि शेवटचं अक्षर गाळून होरा झाला, असं काही जण म्हणतात, हे वराहमिहिर या प्राचीन ज्योतिषानंच नोंदवून ठेवलंय. आजोबांना विचारा, ते कुठल्या बाजूचे.