फोम काढून खोक्यात वस्तू धरून ठेवणारं पुठ्ठ्याचं इन्सर्ट करतोय, पण काच फुटतेय. जाड पुठ्ठा घेऊ का?

दिवा_कारागीर
नमस्कार मंडळी. आमचं छोटं युनिट आहे, टेबल लॅम्प बनवतो. खाली धातूचा बेस, वर फुंकून केलेल्या काचेचं शेड, सगळं मिळून पावणेदोन किलो. आत्तापर्यंत फोमच्या दोन अर्ध्या साच्यांत बसवून पाठवायचो, पण आता प्लास्टिक अजिबात नको असं ठरवलंय, गिऱ्हाईकंही विचारतात की हा फोम आम्ही टाकायचा कुठे आणि त्याला माझ्याकडे खरंच उत्तर नसतं. म्हणून स्वतःच कटरने सॅम्पल कापतोय. तीन प्लाय (तीन थरांचा पुठ्ठा), ई फ्लूट (फ्लूट म्हणजे मधल्या थराची पन्हळ, ई हा तिचा बारीक प्रकार). फोममधे जसा खड्डा होता तस्साच आकार पुठ्ठ्याचे थर एकावर एक चिकटवून केला. लॅम्प घट्ट बसतो, खोका हलवला तर जरासुद्धा आवाज नाही. पण कोपऱ्यावर टाकला की पाचातले तीन फुटले, आणि तडा दर वेळी शेडच्या मानेजवळच. पाच प्लाय घेऊ का? की सरळ पल्पचा, म्हणजे कागदाच्या लगद्याचा ट्रे करून घेऊ? महिन्याला दोनेकशे नग जातात.

डाय_पंचिंग
जाड पुठ्ठ्याने आणखी फुटेल. फोम दबतो आणि परत वर येतो, म्हणून त्याने सगळीकडून मिठी मारली तरी चालतं. पुठ्ठा एकदा चिरडला की चिरडला, आणि तुम्ही तर थर चिकटवून ठोकळा केलाय, तो कडेच्या बाजूने जवळपास लाकडासारखा कडक असतो, धक्का जसाच्या तसा काचेत जातो.
मानेजवळच तडा का जातो ते बघा. बहुतेक वजन बेसमधे आहे. खोका पडला की बेस पुढे जायला बघतो आणि शेड तुम्ही घट्ट धरून ठेवलंय, मग सगळा पीळ मानेवर येतो. म्हणून पकड बेसला द्या, काचेला नाही. बेससाठी घडी घातलेली चौकट, वर होल्डरच्या धातूच्या रिंगला धरणारी एक प्लेट, आणि शेडच्या चहूबाजूंनी दोन-अडीच सेंटीमीटर नुसती हवा. शेड सुटं होत असेल तर त्याला वेगळा कप्पा द्या, तेच सगळ्यात चांगलं.
ठोकळ्याऐवजी पोकळ घड्या ठेवा, त्या घड्या चेपल्या जातात आणि धक्का त्यातच जिरतो. ई फ्लूट जेमतेम दीड मिलिमीटरचा, बेसच्या चौकटीला बी फ्लूट घेऊन बघा, तो साधारण तीनचा असतो.

कागदवेडी
वरच्यांशी शंभर टक्के सहमत. मला या विषयात फार जीव आहे म्हणून थोडं लांब लिहिते. १८७१ मधे न्यूयॉर्कच्या अल्बर्ट जोन्स यांनी पन्हळी कागदाचं जे पेटंट घेतलं ते बाटल्या आणि काचेच्या वस्तू गुंडाळण्यासाठीच होतं, म्हणजे काच सांभाळणं हे या पुठ्ठ्याचं मूळ काम आहे, तुमची वाट बरोबरच आहे.
फ्लूटची दिशा प्रत्येक तुकड्यावर पेन्सिलीने बाण काढून ठरवा. ज्या भिंतीवर भार येणार तिथे फ्लूट उभे हवेत, आडवे ठेवलेत तर तीच भिंत बसते. खाचेची रुंदी पुठ्ठ्याच्या जाडीएवढीच ठेवा, मोठी झाली तर सांधा डुलतो. घडीतही जाडी खाल्ली जाते, ते माप आधीच सोडा.
ग्लू टाळता आला तर टाळाच. एकाच शीटमधून कापून जीभ-खाच लॉक केलं की सगळा कागदच राहतो आणि तो तसाच रद्दीत जातो. पॉलिश केलेल्या बेसवर पुठ्ठा घासून बारीक ओरखडे येतात, तिथे पातळ टिश्यू गुंडाळा. आणि ओल! दमट हवेत पुठ्ठ्याची ताकद खूप उतरते, त्यामुळे टेस्ट फक्त कोरड्या खोलीतल्या सॅम्पलवर करू नका.

पॅकिंग_टेबल
मी रोज पॅकिंग करते म्हणून एकच सांगते, इन्सर्ट उभं करायला किती घड्या लागतात ते मोजा. टेबलावर सुंदर दिसणारं नऊ घड्यांचं इन्सर्ट दिवसाच्या शेवटी कुणीतरी अर्धवट लॉक करतंच. डावी-उजवी जीभ सारखी दिसत असेल तर हमखास उलटी बसते, एकीची रुंदी मुद्दाम वेगळी ठेवा म्हणजे चुकीच्या खाचेत जाणारच नाही. पल्पला साचा बनवावा लागतो, दोनशे नगांसाठी आत्ता त्यात पडू नका, डिझाइन पक्कं होऊ द्या.

डाय_पंचिंग
टेस्टचं राहिलं. मनाला येईल तसं टाकू नका. इस्टा ही पॅकिंगच्या चाचण्या ठरवणारी संस्था, तिच्या १ए पद्धतीत साडेनऊ किलोच्या आतला खोका ७६ सेंटीमीटरवरून १० वेळा टाकतात: एक कोपरा, त्याला मिळणाऱ्या तीन कडा, मग सहाही बाजू. काच वाचली तरी इन्सर्ट उलगडून बघा, कुठे चिरडलंय त्यावरून सगळं कळतं.

दिवा_कारागीर
सगळ्यांचे मनापासून आभार. शेड सुटं केलं, वेगळ्या कप्प्यात फक्त रिंगवर धरलं, बेसला बी फ्लूटची चौकट. तीन सॅम्पल, प्रत्येकी १० ड्रॉप, एकही काच फुटली नाही! उलगडून बघितलं तर चौकटीच्या एकाच कोपऱ्यात फ्लूट पापडासारखे सपाट झालेत, बाकी तीन कोपरे कोरे. वायर तिथेच गुंडाळून ठेवतो, तिचा प्लग आतून टोचतोय असं दिसतंय. प्लगला खालच्या पोकळीत जागा करतो, घड्या सातवरून पाचवर आणतो, आणि पुढची सॅम्पल दोन दिवस दमट खोलीत ठेवून मग टाकतो. फोमची पुढची ऑर्डर आज दिली नाही.