शब्दचर्चा : दया, कृपा, कळवळा आणि योनाचे पळणे

प्रश्न : बायबलच्या जुन्या करारात योना या संदेष्ट्याचे छोटे पुस्तक आहे. त्यात ४:२ मध्ये देवाला एका दमात कृपाळू, कनवाळू, मंदक्रोध, दयासंपन्न म्हटले आहे. हे शब्द समानार्थी आहेत का? आणि देव योनाला निनवे या दुष्ट शहराला इशारा द्यायला पाठवतो, तेव्हा तो परमेश्वराच्या ‘समोरून’ पळतो, म्हणजे नेमका कुठून?

उत्तर : समानार्थी नाहीत. सगळीकडे ‘दया’ घातली की ओळ सपाट होते. मूळ हिब्रूत प्रत्येक शब्दाचे मूळ वेगळे आहे.

‘हन्नून’ म्हणजे समोरच्याची लायकी न पाहता देणारा. तिथे ‘कृपाळू’ चपखल बसतो. ‘रहूम’चे नाते ‘रेहेम’शी, म्हणजे गर्भाशयाशी आहे. आईचे आतडे तुटते, तो हा कळवळा. म्हणून इथे ‘कनवाळू’ हवा, ‘दयाळू’ उणा पडतो. अपराध ‘पोटात घाल’ असे आपण म्हणतो, तेव्हा मराठीही त्याच जागी पोचलेली असते.

‘मंदक्रोध’ हा ‘एरेख अप्पायिम’चा अनुवाद. शब्दशः ‘लांब नाकाचा’! हिब्रूत ‘अफ’ म्हणजे नाकही आणि रागही. आपल्याकडे तापट माणसाचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. हिब्रूतल्या देवाचे नाकच इतके लांब की राग शेंड्यापर्यंत यायला वेळ लागतो. ‘मंदक्रोध’ने अर्थ राखला, नाक मात्र गेले.

सर्वांत अवघड ‘हेसेद’. ही कीव नव्हे. जोडलेल्या नात्याला, दिलेल्या शब्दाला जागणे, तेही समोरचा अडचणीत असताना. ‘दयासंपन्न’ने त्यातला ‘जागणे’ हा भाग निसटतो.

दुसरे उत्तर : यादीतला पाचवा शब्दही घ्या, ‘निहाम’: अरिष्ट आणायचा बेत मागे घेणारा. बायबलच्याच निर्गम या पुस्तकातल्या ३४:६ मधल्या अशाच यादीत तो नाही. तिथे शेवटी ‘एमेत’, म्हणजे सत्यनिष्ठा, आहे. योनाने ते गाळून हा घातला. ‘पश्चात्ताप’ लिहू नका, त्यातून देवाची चूक झाली होती असे वाटते. ‘द्रवणारा’ बरा.

आणि ही स्तुती नाही, तक्रार आहे! तू असा आहेस हे ठाऊक होते, म्हणूनच मी जहाजाने दूरच्या तार्शीशला पळालो, असे योना म्हणतो. त्याला भीती शिक्षेची नव्हती, निनवेला माफी मिळेल याची होती.

‘समोरून’बद्दल : मूळ शब्द ‘मिल्लिफ्ने’, तोंडापुढून. १ राजे १७:१ मध्ये एलीया हा संदेष्टा ‘ज्याच्यासमोर मी उभा असतो’ म्हणतो, तो सेवेत असल्याच्या अर्थाने. तेव्हा योना सोडतो ती हुजुरी. देव नसलेली जागा शोधायला तो निघालेला नाही. समुद्र आणि कोरडी जमीन देवानेच केली हे १:९ मध्ये तोच खलाशांना सांगतो, आणि तेही समुद्रावरच!

पळण्याचे फोलपण एका क्रियापदात आहे: ‘यारद’, उतरणे. याफो बंदराला उतरला, जहाजात उतरला, जहाजाच्या तळाशी उतरला, शेवटी समुद्रात फेकला गेल्यावर २:६ मध्ये डोंगरांच्या मुळांशी उतरला. मराठीत जहाजात चढतात, म्हणून अनुवादात ही साखळी दुसऱ्याच पायरीवर तुटते. कानाला खटकले तरी चारही ठिकाणी ‘उतरला’च ठेवावे.

आणखी एक जागा : ३:४ मधली योनाची घोषणा, ‘चाळीस दिवसांनी निनवे नेहपाखेत’. हे क्रियापद शहर उलथण्यालाही चालते आणि मन पालटण्यालाही. ‘नष्ट होईल’ लिहिले की लोक पालटून शहर वाचल्यावर भविष्य खोटे ठरते. ‘उलटेल’ लिहा, दोन्ही वाटा खुल्या राहतात.

पुरवणी : योम किप्पुरला, म्हणजे ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवशी, दुपारच्या प्रार्थनेत हे पुस्तक वाचतात. कोकणातल्या बेने इस्रायलांचा, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंचा, त्या दिवसासाठीचा जुना मराठी शब्द ‘दारफाळणीचा सण’, म्हणजे दारे बंद करण्याचा. मुंबईत मांडवीला १७९६ साली स्थापन झालेल्या त्यांच्या प्रार्थनालयाचे नाव मात्र ‘शार हारहमीम’, दयेचे दार. ‘रहमीम’ म्हणजे वरच्या ‘रहूम’चेच भावंड. लोक या प्रार्थनालयालाच ‘जुनी मशीद’ म्हणत, आणि मस्जिद स्थानकाचे नाव त्यावरून पडले असे सांगतात.

पुस्तकाच्या शेवटी देव योनाला विचारतो त्या प्रश्नाबद्दल : ४:१०-११ मध्ये ‘हूस’ हे एकच क्रियापद दोनदा येते, एकदा योनाला सावली देऊन वाळून गेलेल्या झाडासाठी (‘कीकायोन’, बहुधा एरंड), एकदा निनवेसाठी. दोन्हीकडे एकच शब्द हवा; पहिल्याला ‘कीव’ आणि दुसऱ्याला ‘दया’ केले की तुलनाच मोडते. ‘हळहळ’ दोन्हीकडे चालेल: एका रात्रीत उगवून एका रात्रीत गेलेल्या झाडासाठी तू हळहळतोस, मग १,२०,००० हून अधिक माणसे आणि पुष्कळ गुरेढोरे असलेल्या शहरासाठी मी हळहळू नये?