मदत हवी आहे : पापणीच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया सांगली-मिरजेत होते का?

सांगलीत राहणाऱ्या माझ्या सासूबाईंच्या वरच्या पापणीवर रांजणवाडीसारखी गाठ आली होती. शेक, मलम आणि चिरा देऊनही ती त्याच जागी परतली, पापणीची कड पिवळसर, जाड होऊन तिथले केस गळले, म्हणून तुकडा तपासला असता तैलग्रंथीचा कर्करोग निघाला. हा रोग पापणीत सुट्या ठिपक्यांनीही पसरतो, त्यामुळे नुसती गाठ काढून भागणार नाही, ही खरी काळजी आहे. मान व कानापुढील लसीका ग्रंथींची सोनोग्राफी स्वच्छ आहे, म्हणजे तिथे रोग पसरलेला दिसत नाही. मधुमेह आटोक्यात असून रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. शस्त्रक्रिया चालू असतानाच काढलेल्या भागाच्या कडांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करवून पापणी पुन्हा घडवणारे नेत्र-प्लास्टिक सर्जन सांगली-मिरजेत आहेत का, की पुणे-मुंबईलाच जावे?